छताला दोन ठोके

सिस्टरना नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नव्हतं. दूधवाला सिस्टर म्हणे, शेजारीपाजारी सिस्टर म्हणत, सख्खा दीरही सिस्टर म्हणे. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून देणारा नवरा होता तोवर तोसुद्धा चारचौघांत सिस्टरच म्हणायचा. लोक हसले की तो हातातली इस्त्री उभी करून सांगायचा, "हसताय काय? या घरात मी पेशंट आहे आणि पेशंटनं सिस्टरचं ऐकायचं असतं." ऐकायचा मात्र काडीचं नाही.

सिस्टरची उभी हयात हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली. निवृत्त झाल्या, पण वॉर्ड काही अंगातून गेला नाही. अंथरुणावरची चादर अशी ताणून बसवत की तिच्यावर बसायचं धाडस पाहुण्याला होऊ नये. शेजारणीला दोनदा खोकला आला की भिंतीपलीकडून प्रश्न यायचा, "ताप आहे का गं?" आणि वरची खोली भाड्याने द्यायची वेळ आली की सिस्टर चार्ज देत.

वॉर्डात पाळी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला चार्ज देते. दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातात, प्रत्येक वस्तूला हात लावतात. ऑक्सिजनची नळी आहे, एवढं म्हणून भागत नाही, ती चालवून दाखवावी लागते. एकदा चार्ज दिला की वॉर्ड दुसरीचा. मग पहिलीने दारातूनसुद्धा लुडबुड करायची नाही. हीच रीत सिस्टरनी भाडेकरूंना लावली होती. पंख्याचं बटण दाबून दाखवायचं, नळ सोडून दाखवायचा, खिडकीची कडी लावून काढून पुन्हा लावायची, आणि शेवटी टीव्ही. टीव्ही शेवटी, कारण वादावादी होते ती टीव्हीवरून, असा त्यांचा अनुभव होता.

त्यावर त्यांनी स्वतःचा एक कायदा केला होता. भिंतीला घट्ट आहे ते माझं, हाताने उचलतं ते तुमचं. पंखा, नळ, कड्या-कोयंडे बिघडले तर सिस्टर बघणार. खुर्ची, टेबल, टीव्ही बिघडले तर भाडेकरूने बघायचं. गच्चीवरची डिश सिस्टरची, गच्चीवरून खोलीत उतरलेली वायरही सिस्टरची. ती वायर टेबलावरच्या सेट-टॉप बॉक्सच्या डब्यात जिथे खोचली होती तिथे सरहद्द संपली; डबा, सेट आणि रिमोट भाडेकरूचे. मागे एका चौकस भाडेकरूने विचारलं होतं, "आणि सिस्टर, टीव्ही भिंतीला ठोकून बसवला तर?" सिस्टरनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "तर टीव्ही माझा आणि भोकं तुमची." त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

आता वर राहत होते ते नवरा-बायको नव्या लग्नाचे म्हणावेत इतके नवे नव्हते आणि जुने म्हणावेत इतके भांडतही नव्हते. तो शाळेची बस चालवायचा, ती बेकरीच्या काउंटरवर उभी असायची. संध्याकाळी ती जिना चढली की ताज्या पावाचा वास सिस्टरच्या दारावरून वर जायचा. सिस्टरना दोघंही मनापासून आवडत. मनापासून आवडणाऱ्या माणसांशी सिस्टर जरा जास्तच कडक वागत, ही आणखी एक वॉर्डातली सवय.

वरचा टीव्ही म्हणजे सिस्टरच्या नवऱ्याचा टीव्ही. पाठीला कुबड आलेला, दोघांनी मिळून उचलावा लागणारा जुना सेट. नवऱ्याचं इस्त्रीचं काम खालच्या पुढच्या खोलीत चाले. टेबलावर कपडा, समोर टीव्ही, हात कपड्यावर आणि डोळे टीव्हीवर. एकदा मॅच अगदी रंगात आली असताना त्याने गरम इस्त्री सवयीने टेबलावर ठेवायची ती टीव्हीच्या डोक्यावर ठेवली. सेटवर इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग कायमचा उमटला. वर पुन्हा तोच म्हणाला, "चला, टीव्हीच्या सुरकुत्या गेल्या."

सिस्टरनी टीव्ही असा कधी पाहिलाच नाही, ऐकला. रात्रपाळी करून यायच्या, मागच्या खोलीत झोपायच्या. त्या झोपल्या की नवरा आवाज पार बंद करायचा आणि मुकी चित्रं बघत इस्त्री करायचा. त्या जाग्या झाल्या की मधल्या भिंतीवर दोन ठोके मारायच्या. दोन ठोके म्हणजे मी उठले, आता मोठा करा. एक ठोका म्हणजे मी आडवी होतेय, बंद करा. दोन ठोके पडले की पुढच्या खोलीत एकदम गलका सुरू व्हायचा, बातम्या, गाणी, कोणाचं तरी रडणं, आणि सिस्टर चहा ठेवता ठेवता ओरडायच्या, "अहो, बारीक करा जरा, माणसं राहतात इथं." तो तसूभर कमी करायचा आणि त्यांची पाठ वळली की पुन्हा वाढवायचा. अशी वर्षानुवर्षं गेली.

तो गेल्यावर रिकाम्या इस्त्रीच्या टेबलासमोर तो सेट बघवेना, म्हणून सिस्टरनी तो वरच्या खोलीत पाठवून दिला. भाडेकरूला टीव्हीसकट खोली मिळाली. आणि सिस्टरना एक गोष्ट कळली, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. संध्याकाळी वरून टीव्हीचा आवाज आला की घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. शब्द कळले नाहीत तरी चालत. पलीकडच्या खोलीत कोणी टीव्ही बघतंय आणि आपण इकडे भाजी चिरतोय, एवढं पुरे होतं. आवाज नसला की घर खायला उठे. आता ज्या बाईने आयुष्यभर टीव्हीच्या नावाने बोटं मोडली, ती कोणत्या तोंडाने जाऊन सांगणार की मला टीव्हीचा आवाज हवा?

ड्रायव्हर आणि त्याची बायको मुळातच सौम्य. टीव्ही लावत, पण हळू लावत. सिस्टर खाली कान देऊन बसत. एका संध्याकाळी काहीच नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी जळमटं काढायची लांब काठी उचलली आणि छताला दोन ठोके मारले. अगदी सहज, हात सवयीने वर गेला. दोन ठोक्यांचा अर्थ घरातल्या माणसाला कळतो, आणि जे घरात राहतं ते घरातलं माणूस, एवढाच त्यांचा हिशोब.

वरच्यांना तो हिशोब ठाऊक असायचं कारण नव्हतं. घरमालकीणबाई खालून काठीने छत ठोकतात याचा अर्थ जगात सगळीकडे एकच होतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि घाईघाईने आवाज कमी केला.

सिस्टरना वाटलं, ऐकू गेलं नसेल. दुसऱ्या दिवशी जरा जोरात ठोकलं. आवाज आणखी खाली गेला. तिसऱ्या वेळी इतकं ठोकलं की छताचा पोपडा चहाच्या कपात पडला, आणि वर संपूर्ण शांतता झाली. पण खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घराच्या भिंतीवर टीव्हीचा निळा उजेड नाचत होता. म्हणजे टीव्ही चालू होता आणि आवाज तेवढा नव्हता. सिस्टरनी मनाशी निदान केलं, रोगी जिवंत आहे, वाचा गेली आहे.

आता आली का पंचाईत. सेट उचलता येणारा, म्हणजे भाडेकरूचा. सिस्टरना स्वतःच्या कायद्याने त्याला हात लावता येईना. मग त्यांनी देवाजवळ नाही, पण मनाशी धावा केला की बिघाड वायरीत निघो. वायर आपली, आपण ती तासाभरात दुरुस्त करून घेऊ.

त्यांनी केबलवाल्याला बोलावलं. तो गच्चीवर गेला, डिशभोवती एक फेरी मारली, वायर हाताने चाचपत खिडकीपर्यंत आला आणि पायरीवर टेकला.

"वर चित्र येतंय ना?" त्याने विचारलं.

"येतंय. आवाज येत नाही."

"मग वायर ठणठणीत आहे. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून येतात, सिस्टर. चित्र वर पोचलं आणि आवाज जिन्यात दम खात बसला, असं होत नाही."

"नीट बघितलंस ना?"

"तुम्ही म्हणाल तर वायरीला सलाइन लावतो. पण बिघाड सेटमध्ये आहे. वर जाऊन बघू का?"

सिस्टरच्या अगदी ओठावर आलं होतं, जा म्हणून. पण चार्ज दिलेला वॉर्ड दुसऱ्याचा. त्यांनी नको म्हटलं आणि त्याला चहा दिला. केबलवाला चहा पिऊन गेला.

संध्याकाळी ड्रायव्हर जिना चढत होता. सिस्टर दारात उभ्याच होत्या.

"सेट तुमच्या ताब्यात आहे ना, ड्रायव्हर?"

"हो, सिस्टर."

"ताब्यातल्या वस्तूकडे माणसानं लक्ष ठेवावं. मी फार बोलत नाही, पण हे एकदा सांगते."

"टीव्हीचं म्हणताय का?" त्याचा चेहरा उतरला. "आम्ही काळजी घेतो हो खूप."

"दिसतंय मला," असं म्हणून सिस्टर आत गेल्या. आपण फार सौम्य बोललो, असं त्यांना वाटलं. वॉर्डात याहून मोठ्या आवाजात त्या गुड मॉर्निंग म्हणायच्या.

पुढच्या आठवड्यात बेकरीवाली खाली आली. हातात पावाची गरम लादी होती आणि डोळे जमिनीवर. बातमी वाईट असली की नातेवाईकांसमोर आपणही असेच जमिनीकडे बघायचो, हे त्यांना आठवलं.

"सिस्टर, आम्ही खोली सोडायचं म्हणतोय. यांनी दुसरी बघितली आहे, बस डेपोच्या मागे."

"का गं? नळ गळतोय का?"

"नाही, नळ चांगला आहे. सगळंच चांगलं आहे." तिने लादी पुढे केली. "पण आमच्यामुळे तुम्हाला त्रास नको."

त्रास कसला, हे विचारायला तोंड उघडायला हवं होतं. पण सिस्टरचा स्वभाव आडवा आला. जाणाऱ्याला धरून ठेवायचं नाही, डिस्चार्ज मागितला की द्यायचा. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. रविवारी सकाळी चार्ज घेईन." आणि दार लावून घेतल्यावर पावाची लादी हातात धरून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. वरून आवाज नाही, आणि आता वर माणसंही नाहीत. या घरात आपण एकट्या कशा राहणार, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदाच स्वतःला सरळ विचारला.

रविवारी सकाळी सिस्टर वर गेल्या. पांढरीशुभ्र साडी, केस चापून बसवलेले, जणू मोठ्या डॉक्टरांचा राउंड आहे. खोली लखलखत होती. कोपऱ्यात बांधलेली खोकी होती, त्यांच्याकडे बघायचं सिस्टरनी टाळलं.

चार्ज सुरू झाला. ड्रायव्हरने पंख्याचं बटण दाबलं. सिस्टर म्हणाल्या, "आहे." बायकोने नळ सोडला. "आहे." खिडकीची कडी, "आहे." खुर्च्या, टेबल, आरसा. एकेक वस्तू परत मिळत होती आणि त्यातली एकही त्यांना नको होती.

शेवटी टीव्ही. त्यावर फुलांच्या कापडाचं आच्छादन होतं, बेकरीवालीने स्वतः शिवलेलं, खाली झालर लावलेलं. सिस्टरनी ते उचललं. इस्त्रीचा तिकोनी डाग होता तिथे होता, आणि त्याच्यावर धुळीचा कण नव्हता. त्यांचं बोट त्या डागावर गेलं आणि जरा तिथेच राहिलं. मग त्यांची नजर सेटच्या पुढच्या बाजूला गेली. तिथल्या भोकात इअरफोनची वायर खोचलेली होती. वायर जुनी आणि आखूड. कानात घालायची तिची एक गोळी सेटसमोर टेकून ठेवलेल्या दोन उशांपैकी उजव्या उशीवर होती, दुसरी डाव्या.

"हे काय आहे?"

ड्रायव्हरने मान खाजवली. "आम्ही असंच बघतो. एक कान तिचा, एक माझा. वायर पुरत नाही, म्हणून डोक्याला डोकं लावून बसावं लागतं."

"हिला शिंक आली की माझा डायलॉग जातो," असंही तो म्हणाला आणि बायकोने त्याला कोपर मारलं.

"चालवून दाखवा," सिस्टर म्हणाल्या. "वायर काढून."

"सिस्टर, आवाज होईल."

"चार्ज आहे हा. चालवून दाखवा."

त्याने वायर उपटली, रिमोट धरला आणि भीत भीत बटण दाबलं. टीव्हीवर कोणीतरी बाई कोणालातरी ठणकावून जाब विचारत होती, आणि तिचा आवाज खोलीभर घुमला. सेट ठणठणीत होता.

"आवाज आहे," त्या म्हणाल्या. "मग बंद का ठेवलात इतके दिवस?"

आता नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. शेवटी बायको धीर करून बोलली. "तुम्ही ठोकायचात ना, काठीनं. आम्ही कमी करत गेलो, तरी तुम्ही ठोकत होतात. मग ही वायर आणली. तरी तुम्ही जिन्यात यांना बोललात. मग वाटलं, आता आमचं चालणंबोलणंही तुम्हाला नको झालंय. म्हणून..." तिने खोक्यांकडे हात केला.

सिस्टर मटकन खुर्चीत बसल्या. वॉर्डात कोणी त्यांना कामाच्या वेळी बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मी मोठा करा म्हणून ठोकत होते," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने रिमोटने टीव्हीतल्या बाईला गप्प केलं.

"मोठा?" ड्रायव्हर म्हणाला.

"दोन ठोके म्हणजे मोठा. एक म्हणजे बंद. आमच्याकडे असंच होतं." मग त्यांना कळलं की आमच्याकडे म्हणजे आता आपण एकट्याच. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं, मनातलं सगळं बोलून टाकलं. इस्त्रीचं टेबल, मधली भिंत, रात्रपाळी, मुकी चित्रं बघणारा नवरा. "मी टीव्ही बघत नाही, अजूनही बघणार नाही. पण पलीकडे तो लागलेला असला की घर भरल्यासारखं वाटतं. तुम्ही मुका केलात आणि माझी संध्याकाळच गेली. केबलवाल्यालाही आणून झालं. तो बिचारा गच्चीत डिशची नाडी बघत होता आणि दुखणं माझ्या काठीत."

बेकरीवाली आधी हसली की आधी रडली हे सांगणं कठीण आहे. दोन्ही एकदमच झालं. ड्रायव्हर मात्र पोट धरून हसत सुटला. "काय सांगता, सिस्टर, तिसऱ्यांदा ठोकलंत तेव्हापासून आम्ही चालतानासुद्धा चपला हातात घेत होतो."

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या, "मला वाटलं, पावलांचाही आवाज बसला." आणि त्याही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ते पदराने टिपत.

मग त्या उठल्या आणि पदर खोचला. "चार्ज मी घेतलेला नाही. टीव्हीला 'आहे' म्हटलंय का मी? नाही ना. मग चार्ज पुरा झाला नाही. खोकी सोडा."

"डेपोमागच्या खोलीवाल्याला मी कळवतो," ड्रायव्हर म्हणाला. त्याचे हात तोवर एका खोक्याच्या दोरीला लागलेही होते.

"पण एक राहिलं, सिस्टर," बायको म्हणाली. "डिश तुमची, वायर तुमची, सेट आमचा. आवाज कोणाच्या ताब्यात?"

सिस्टर विचारात पडल्या. आवाज भिंतीला घट्ट नव्हता आणि हाताने उचलताही येत नव्हता. इतक्या वर्षांत कायद्यात हे भोक राहिलं आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"तुमच्या ताब्यात," बायकोच पुढे म्हणाली. "तुम्ही ठोकायचं, आम्ही वाढवायचा."

त्या दिवशी संध्याकाळी सिस्टर खाली स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. वर टीव्ही लागला. जरासा हळूच, कारण इतक्या दिवसांची सवय एका सकाळीत जात नाही. सिस्टरनी हात पुसले, कोपऱ्यातली जळमटांची काठी घेतली आणि छताला दोन ठोके मारले. वर पळापळ झाली, आणि मग एकदम गलका सुरू झाला. बातम्या लागल्या, त्या बदलून गाणं लागलं, त्याबरोबर ड्रायव्हर बेसूर गाऊ लागला आणि बायको त्याला गप्प करू लागली. कपाटातले कप थरथरले.

सिस्टरनी काठी कोपऱ्यात उभी केली. पुन्हा कांद्याकडे वळल्या आणि मान वर न करता मोठ्याने ओरडल्या, "अहो, बारीक करा जरा, माणसं राहतात इथं."

आवाज काही बारीक झाला नाही. सिस्टरनीही एक ठोका मारायला काठी पुन्हा उचलली नाही.